यकृताच्या छेदातील खुणा
(मानक नगर, लखनौ येथे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



यकृताच्या कर्करोगाचे निदान करताना ऊतकातील खूणद्रव्यांचा उपयोग कसा होतो, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. विषय वैद्यकातील आणि श्रोते बहुतेक अभियंते, ही मला अडचण वाटत नाही. १९५७ साली रेल्वेच्या दोन संस्था एकत्र करून संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटना उभारण्यात आली. तिच्या धातुविज्ञान प्रयोगशाळेत काय चालते, हे या वसाहतीत कोणाला सांगावयास नको. तुटलेल्या रुळाचा तुकडा कापतात, आरशासारखा घासतात, सौम्य आम्लाने त्याचा पृष्ठभाग किंचित खाऊ देतात आणि मग तो सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. आम्लाचा हात फिरेपर्यंत पोलाद कोरे दिसते. तो फिरल्यावर त्यातील कण आणि कणांच्या सीमा दिसू लागतात. विकृतिवैज्ञानिकही हेच करतो. फरक इतकाच की, आमचा तुकडा जिवंत माणसाच्या शरीरातून काढलेला असतो आणि आमच्या निष्कर्षाची वाट पाहत बाहेर बाकावर कोणी तरी बसलेले असते.

त्या बाकावरून येणारा प्रश्न ठरलेला असतो : “मार्कर काय म्हणतो?” जणू काही एखादे रसायन असे आहे की, ते छेदावर घातले म्हणजे कर्करोग असल्यास रंग येतो आणि नसल्यास येत नाही. असे रसायन आज तरी अस्तित्वात नाही. यकृताच्या बाबतीत जी खूणद्रव्ये आपण वापरतो, त्यांतील प्रत्येक एका अगदी मर्यादित प्रश्नाचे उत्तर देते. हे प्रश्न मुख्यतः दोन आहेत. या पेशी यकृताच्याच आहेत की दुसऱ्या अवयवातून आलेल्या पाहुण्या आहेत, हा पहिला. त्या यकृताच्या असतील तर त्या अजून मर्यादेत वागत आहेत की त्यांनी मर्यादा सोडली आहे, हा दुसरा. दोन्ही प्रश्नांची गल्लत झाली की निदान चुकते, आणि त्याबरोबर उपचारही चुकतात.

पहिला प्रश्न मुळात उद्भवतोच का, हे समजण्यासाठी यकृताच्या रक्तपुरवठ्याकडे पाहिले पाहिजे. यकृताला मिळणाऱ्या रक्ताचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग आतड्यांकडून प्रवेशिका नीलेतून येतो आणि उरलेला रोहिणीतून. पोट आणि आतड्यांतील सर्व रक्त आधी या अवयवातून गाळून मग हृदयाकडे जात असल्यामुळे, त्या प्रदेशातील कर्करोगाच्या सुट्या पेशीही येथेच अडकतात आणि रुजतात. म्हणून यकृतात आढळणाऱ्या मारक गाठींत बाहेरून आलेल्यांचा भरणा अनेकदा मोठा असतो. लखनौच्या विकृतिवैज्ञानिकाला तर आणखी एका शेजाऱ्याची आठवण सतत ठेवावी लागते. पित्ताशयाचा कर्करोग गंगेच्या खोऱ्यात जितका आढळतो, तितका महाराष्ट्रात किंवा दक्षिणेत आढळत नाही. पित्ताशय यकृताला चिकटूनच असते, आणि त्याचा कर्करोग नुसत्या पातळ भिंतीतून पलीकडे सरकून यकृतात शिरतो. मुंबईत जी शंका दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाने मनात येईल, ती येथे पहिल्याने आली पाहिजे.

यकृताचा स्वतःचा कर्करोग, म्हणजे यकृतपेशींपासून उद्भवणारा, हा बहुधा आधीच बिघडलेल्या यकृतात निर्माण होतो. येथे एक खुलासा करतो, कारण कावीळ म्हटली की लोक घाबरतात. १९९१ च्या आरंभी येथून जवळच कानपूरला दूषित पाण्यामुळे काविळीची प्रचंड साथ आली होती. लखनौच्या संजय गांधी संस्थेतील संशोधकांनी तिचा अभ्यास केला व सुमारे ७९,००० लोकांना बाधा झाल्याचा अंदाज दिला. ती ‘ई’ प्रकारची कावीळ होती. ती गर्भवतींना घातक ठरू शकते, परंतु जे वाचतात त्यांच्या यकृतात ती सहसा मुक्काम करत नाही. ‘बी’ आणि ‘सी’ हे विषाणू मात्र वर्षानुवर्षे मुक्काम ठोकतात. तैवानमध्ये २२,७०७ पुरुषांवर, त्यांतील बहुतेक सरकारी नोकर, लक्ष ठेवून १९८१ साली जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात ‘बी’ विषाणूच्या वाहकांना यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या २२३ पट असल्याचे दिसून आले. विषाणू, मद्य आणि अलीकडे यकृतात साचणारी चरबी, ही यकृतात व्रण पाडणारी कारणे. व्रण भरतात, त्यांच्या जागी तंतू येतात आणि तंतूंच्या वेढ्यात यकृताच्या गाठी गाठी होतात. या अवस्थेला सिरोसिस म्हणतात. ज्या यकृतात शेकडो निरुपद्रवी गाठी आहेत, त्यात एक गाठ मारक झाली आहे काय, हे ओळखणे किती अवघड असेल याची कल्पना यावरून करता येईल.

प्रत्येक रुग्णाच्या यकृतात सुई घालावी लागते, असा समज मात्र करून घेऊ नये. रुळातील तडा शोधण्यासाठी तुम्ही ध्वन्यातीत तरंग सोडता. आम्हीही सिरोसिसच्या रुग्णाच्या यकृतावर दर सहा महिन्यांनी तेच सोडतो. संशयास्पद गाठ दिसली की क्ष-किरणांचे संगणकीय चित्रण करतात. यकृतपेशींच्या कर्करोगाला रक्त मुख्यतः रोहिणीतून मिळते. त्यामुळे शिरेतून दिलेले औषध प्रथम त्या गाठीत चमकते आणि भोवतालचे यकृत उजळू लागेपर्यंत गाठीतून ओसरून जाते. सिरोसिसच्या रुग्णात हा क्रम स्पष्ट दिसला तर तुकडा काढल्याशिवायही निदान मान्य होते. सुईचे धोके आहेतच : रक्तस्राव, आणि शंभरांतील दोन-तीन रुग्णांत सुईच्या वाटेवर कर्करोगाच्या पेशी रुजणे. म्हणून जेथे चित्रण संदिग्ध आहे, जेथे सिरोसिस नाही आणि तरीही गाठ आहे, किंवा जेथे दुसऱ्या अवयवाचा संशय आहे, तेथेच सुईचे प्रयोजन. सुईतून येणारा तुकडा आगपेटीतील काडीहूनही बारीक असतो. सर्व यकृताचा तो सुमारे पन्नास हजारावा हिस्सा. एवढ्याशा पुराव्यावर आमचा सारा निवाडा उभा असतो.

हा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवून, मेणात बसवून, त्याचे पातळ छेद घेतात व प्रथम दोन जुन्याच रंगांनी रंगवतात. त्यांपैकी एक, हिमॅटॉक्सिलिन, मध्य अमेरिकेतील एका वृक्षाच्या लाकडापासून निघतो. नवीन खूणद्रव्यांच्या गर्दीत या जुन्या रंगांचे महत्त्व कमी झाले असे कोणाला वाटत असेल, तर ते खरे नाही. निरोगी यकृतात पेशी एक किंवा दोन थरांच्या पट्ट्यांत मांडलेल्या असतात आणि प्रत्येक पट्टीला जाळीदार तंतूंची किनार असते. चांदीच्या क्षारांनी हे तंतू काळे करून पाहता येतात. कर्करोगात पट्ट्या तीन थरांहून जाड होतात आणि जाळी विरळ होते किंवा नाहीशी होते. अनुभवी डोळ्याला बहुतेक वेळा येथेच उत्तराची चाहूल लागते. तरीही चाहूल म्हणजे उत्तर नव्हे.

रंगाचा अर्थ लावताना किती सावध राहावे लागते, याचे मला ठाऊक असलेले सर्वांत बोलके उदाहरण पुण्याचे आहे. ते कर्करोगाचे नाही, पण यकृताच्या छेदाचेच आहे. दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतींपासून ऑर्सिन नावाचा रंग मिळतो. जपानमध्ये शिकाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली दाखवून दिले की, या रंगाने ‘बी’ विषाणूचे पृष्ठभागावरील प्रथिन मेणातील छेदातही तपकिरी दिसते. साऱ्या जगातील प्रयोगशाळा ऑर्सिन वापरू लागल्या. त्या काळी आपल्याकडे लहान मुलांना, सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतच्या, एक भयंकर रोग होत असे. बालकांचा भारतीय सिरोसिस असे त्याचे नाव. या मुलांच्या यकृताच्या छेदांवर ऑर्सिन घातले तेव्हा तेही गडद तपकिरी झाले. मग हाही विषाणूच काय? रंग तसे सुचवीत होता. परंतु विषाणूचे प्रथिन पेशीत एकसारखे पसरलेले दिसते, तर येथे रंगलेले होते ते भरड, काळपट कण. १९७८ मध्ये या कणांचे वर्णन प्रसिद्ध झाले. ते तांब्याला बांधून ठेवणारे प्रथिन होते. पुढे मोजमाप केल्यावर या यकृतांत कोरड्या वजनाच्या एका ग्रॅममागे ८०० मायक्रोग्रॅमहून अधिक तांबे आढळू लागले. एरवी ते ५० च्या आत असते. हे तांबे आले कोठून? पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि ब्रिटनचे स्टुअर्ट टॅनर यांनी घराघरांतील भांड्यांची चौकशी केली, आणि १९८३ साली त्यांचे अनुमान प्रसिद्ध झाले : कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेले व साठवलेले वरचे दूध अगदी लहान वयात मुलांना दिले जात होते, आणि दुधातून तांबे त्यांच्या यकृतात जात होते. पितळेची जागा स्टीलने घेतली आणि तो रोग आता क्वचितच दिसतो.

या हकिकतीत आमच्या शास्त्राचा मुख्य नियम आला आहे. एकाच रंगाने दोन निराळ्या वस्तू रंगल्या. त्यांतील भेद रंगाने सांगितला नाही. तो पेशीतील जागेने, कणांच्या आकाराने आणि रुग्णाच्या माहितीने सांगितला.

आता आजच्या खूणद्रव्यांकडे येऊ. त्यांचा आधार म्हणजे प्रतिपिंडे. शरीरात परके द्रव्य शिरले की शरीर त्याच्यावर नेमके बसणारे प्रथिन तयार करते; ते प्रतिपिंड. अमेरिकेत कून्स यांनी १९४१ मध्ये प्रतिपिंडाला चमकणारे द्रव्य जोडून ते ऊतकात शोधता येते हे दाखविले. १९६६ च्या सुमारास नाकाने आणि पियर्स यांनी चमकणाऱ्या द्रव्याऐवजी एन्झाइम जोडले. प्रतिपिंड जेथे बसेल तेथे हे एन्झाइम एका रंगहीन द्रव्याचे तपकिरी द्रव्य करते, आणि ते साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. १९७५ मध्ये कोलर व मिल्स्टाइन यांनी एकाच साच्याची प्रतिपिंडे हवी तितकी निर्माण करण्याची युक्ती शोधली. त्यानंतर ही पद्धत संशोधकांच्या हातून रुग्णालयांच्या हाती आली.

पहिल्या प्रश्नासाठी, म्हणजे पेशी यकृताची आहे काय यासाठी, सर्वाधिक वापरलेले प्रतिपिंड १९९३ मध्ये पुढे आले. त्याला संक्षेपाने ‘हेप-पार’ म्हणतात. निकामी झालेल्या एका प्रत्यारोपित यकृताच्या ऊतकापासून ते तयार केले गेले. यकृतपेशीत ते दाणेदार तपकिरी रंग देई. पण ते नेमके कशावर बसते, हे पंधरा वर्षे कोणालाच ठाऊक नव्हते. २००८ साली उलगडा झाला : अमोनियापासून यूरिया तयार करणाऱ्या साखळीतील पहिले एन्झाइम हे त्याचे लक्ष्य होते. हे समजल्यावर सारेच तर्काला धरून झाले, कारण यूरिया बनविणे हे यकृताचे खास काम आहे. लहान आतड्यातही हे एन्झाइम असते, म्हणून जठराचे व आतड्याचे काही कर्करोगही या प्रतिपिंडाने रंगतात. याच साखळीतील शेवटचे एन्झाइम, आर्जिनेज, २०१० पासून उपयोगात आले. ज्या अर्बुदांच्या पेशी मूळ रूपापासून फार दूर गेल्या आहेत, त्यांतही आर्जिनेज पुष्कळदा टिकून राहते. मनुष्य घर सोडून दूर गेला, वेश बदलला, तरी बोलण्यातला गावाकडचा हेल जात नाही, तसे हे आहे. उलट पित्तनलिका, पित्ताशय व आतडी यांच्या कर्करोगांत केराटिन या तंतुमय प्रथिनाचे विशिष्ट प्रकार आढळतात. दोन्हीकडची प्रतिपिंडे शेजारच्या छेदांवर घालून पाहिली, तर बहुतेक वेळा गाठीचे माहेर कळते. पित्ताशयाचा कर्करोग यकृताचा समजून उपचार करणे किंवा त्याच्या उलट, या दोन्ही चुका रुग्णाला महाग पडतात. औषधे वेगळी, शस्त्रक्रियेचा विचार वेगळा, आणि यकृतप्रत्यारोपणाचा प्रश्न तर फक्त एकाच बाजूला उद्भवतो.

आता ध्यानात घ्यावे की, हेप-पार आणि आर्जिनेज ही दोन्ही निरोगी यकृतातही भरपूर असतात. अहवालात ती ‘होकारार्थी’ आहेत एवढेच वाचून पुष्कळ कुटुंबे हादरतात. त्यांचा होकार ‘यकृत’ या शब्दाला आहे, ‘कर्करोग’ या शब्दाला नव्हे.

दुसरा प्रश्न अधिक कठीण. त्याच्या इतिहासाची सुरुवात रक्तापासून होते. १९६३ मध्ये मॉस्कोत अबेलेव्ह यांना यकृताचे अर्बुद असलेल्या उंदरांच्या रक्तात असे प्रथिन सापडले की, जे एरवी फक्त गर्भावस्थेत असते. पुढल्याच वर्षी तातारिनोव्ह यांनी ते मानवी रुग्णांत दाखविले. हे अल्फा-फीटोप्रोटीन. पेशी मारक होताना आपल्या गर्भावस्थेतील काही सवयी पुन्हा उचलते, ही कल्पना येथून रूढ झाली. रक्तात त्याचा उपयोग अजूनही होतो. ऊतकाच्या छेदात मात्र ते निम्म्याहून कमी अर्बुदांत दिसते आणि लहान, आरंभीच्या अर्बुदांत तर फारच क्वचित. त्याची जागा ग्लिपिकॅन-३ या दुसऱ्या गर्भकालीन प्रथिनाने घेतली. प्रौढ माणसाच्या निरोगी यकृतात ते दिसत नाही, यकृतपेशींच्या पुष्कळ कर्करोगांत दिसते. पण येथेही ‘पुष्कळ’ हाच शब्द वापरावा लागतो, आणि तीव्र दाह असलेल्या निरुपद्रवी यकृतातही काही पेशी त्याने रंगू शकतात.

म्हणून ग्लिपिकॅनच्या जोडीला आणखी दोन साक्षीदार बोलावतात. एक, पेशीवर ताण आला असता तिच्यात वाढणारे एचएसपी-७० हे प्रथिन. दुसरे, ग्लुटामिन सिंथेटेज हे एन्झाइम. निरोगी यकृतात हे एन्झाइम फक्त मध्यवर्ती नीलेभोवतीच्या एकदोन थरांतच असते, कर्करोगात ते सर्वत्र पसरते. गंमत अशी की, यकृतातील एका पूर्णपणे निरुपद्रवी गाठीतही ते पसरते, मात्र नकाशातील प्रांतांसारखे तुटक-तुटक. त्या नकाशावरूनच ती गाठ निरुपद्रवी असल्याचे ओळखतात आणि एका तरुण व्यक्तीची शस्त्रक्रिया टळते. २००७ साली इटलीतील संशोधकांनी या तीन खुणा एकत्र तपासल्या. तिन्हींपैकी कोणत्याही दोन होकारार्थी असल्या, तर कर्करोगाचे निदान एकदाही चुकीचे ठरले नाही. परंतु आरंभीच्या कर्करोगांपैकी सुमारे ७२ टक्केच या कसोटीत सापडले. दोन खुणा मिळाल्या तर विश्वास ठेवावा. न मिळाल्या तर ‘कर्करोग नाही’ असे म्हणू नये. नकारार्थी अहवाल हातात घेऊन निश्चिंत झालेल्या रुग्णाला सहा महिन्यांनी पुन्हा ध्वनिचित्रणासाठी बोलवावेच लागते. हे वाक्य अहवालात लिहिले नाही तर तो अहवाल अपुरा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मानक नगरात आल्यावर मानकांविषयी बोलल्यावाचून पुढे जाता येत नाही. तपकिरी रंग हा यकृतात मोठा फसवा आहे. पित्त तपकिरी, म्हाताऱ्या पेशींत साचणारे कण तपकिरी. शिवाय यकृतपेशींत बायोटिन हे जीवनसत्त्व भरपूर असते, आणि रंग गडद करण्याच्या काही पद्धती नेमक्या बायोटिनवरच आधारलेल्या असल्यामुळे प्रतिपिंड न बसताही रंग उमटू शकतो. म्हणून प्रत्येक वेळी, ज्यात ते द्रव्य निश्चित आहे असा एक छेद आणि ज्याला प्रतिपिंड दिलेच नाही असा दुसरा, बरोबर रंगवावे लागतात. हे दोन नसतील तर तिसऱ्यावरील रंगाला अर्थ नाही. ज्याचे अंशांकन झालेले नाही त्या मापकाचे वाचन तुम्ही तरी कागदावर घ्याल काय? बिघाड मात्र बहुधा प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी झालेला असतो. लहान गावात सुईने काढलेला तुकडा मिठाच्या पाण्यात टाकून बसने पाठविला जातो. पोहोचेपर्यंत तो सडू लागलेला असतो, आणि मग जगातील सर्वोत्तम प्रतिपिंडेही निरुपयोगी ठरतात. दहा टक्के फॉर्मॅलिनची बाटली महाग नाही.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९४१ पासून व. रा. खानोलकरांनी विकृतिविज्ञानाची जी परंपरा घालून दिली, तिच्यामुळे उत्तर भारतातील अनेक रुग्ण दुसरे मत घेण्यासाठी आजही तिकडे जातात. लखनौहून पुष्पक एक्सप्रेसने निघालेल्या एखाद्या प्रवाशाच्या पिशवीत घरच्या पुऱ्यांबरोबर मेणाचा एक छोटा ठोकळाही असतो. त्याच्याविषयी दोन शब्द सांगून थांबतो. अहवालाचा कागद म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा त्या ठोकळ्यात आहे. त्यातून पुन्हा छेद घेता येतात, नवीन प्रतिपिंड निघाले तर दहा वर्षांनीही ते घालून पाहता येते. रुग्णाने मागितल्यास तो किंवा त्याचे छेद प्रयोगशाळेने द्यावयास हवेत, आणि घेताना त्यावरील क्रमांक अहवालावरील क्रमांकाशी ताडून पाहावा. ठोकळा कागदी पाकिटात न ठेवता घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावा आणि गाडीत उन्हाच्या खिडकीपासून दूर. ते मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळते, आणि मऊ तर त्याच्या बरेच आधी होते.